उदकशांतीचं पाणी आणि उठलेली लाकडी फरशी

मंडळी, हार राहू द्या बाजूला, मानेला टोचतो. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या! समोरचा लबाड आहे, आपण खरे आहोत. आपल्या हक्काचं तो देत नाही. अशा वेळी एकच शब्द खोटा बोललो — एवढासा! — तर चालतं का?

कोण म्हणालं "चालतं"? बसा बसा, तोंड लपवू नका! निम्मा मंडप मनात तेच म्हणाला, तुम्ही मोठ्यानं बोललात एवढंच!

तर ऐका. कराडजवळ मलकापुरात यशवंतराव फडतरे राहायचे. एसटीचे ड्रायव्हर. जन्मभर घाट चढले-उतरले, गुडघे गेले. वॉकर धरून चालायचे. थंडीत शहाबादी फरशीवर पाय टेकला की ओरडायचे! त्यांची बायको इंदुताई, अंगणवाडीतली निवृत्त सेविका. ती म्हणाली, लाकडी फरशी घालू. दोन खोल्यांना — बाहेरची आणि झोपायची.

दुकानदार शेटे. जिभेवर सायच! "वहिनी, पंधरा वर्षं गॅरंटी! नातवंडं नाचली तरी पट्टी हलणार नाही!" कागद दिला. पुढं पंधराचा आकडा भोपळ्याएवढा. आणि मागं? मागं बारीक अक्षरांत — पाणी लागलं की गॅरंटी रद्द!

अहो, राहत्या घरात पाणी लागणार नाही तर काय माळावर लागणार?

पण इंदुताई नियम पाळणारी बाई. रोज कोरड्या फडक्यानं पुसायची. नवऱ्याला खोलीत पेला नेऊ द्यायची नाही. तहान लागली? स्वयंपाकघरात जाऊन प्या!

आणि तरी चार महिन्यांत झोपायच्या खोलीतली फरशी उठली. मधोमध! म्हैस पाठ वर काढून बसावी तशी! वॉकर अडकला, यशवंतराव आडवे. कपाळाला तीन टाके. म्हणाले, "जन्मभर गाडी खंबाटकी चढवली, आता संडासला जायलाही घाट!" हसताय? हसा. पण त्या माणसाला बायकोचा खांदा धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येईना. आणि बायको सदुसष्ट वर्षांची!

शेट्याला फोन केला. "पाणी सांडलं असेल, वहिनी." पुन्हा केला. "पाणीच हो!" दुकानात गेली, तर नोकर म्हणतो, शेठ जेवायला गेलेत. सकाळी दहाला! नऊ खेपा घातल्या बाईनं. शेवटी कंपनीला पत्र धाडलं, तेव्हा कंपनीचा साहेब तपासायला येतो म्हणाला.

तो यायच्या आधी यशवंतरावांनी बायकोला समोर बसवलं. "इंदू, पाणी पडलं का विचारेल. तू म्हणायचं — थेंबही नाही."

"अहो, फरशी बसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी उदकशांती केली ना आपण! गुरुजींनी तांब्याभर शिंपडलं."

"ते पाणी नव्हे, तीर्थ!"

बघा! गुडघे गेले, वकिली शाबूत!

साहेब आला. शेटेही आला, तोंडभर हसू घेऊन. साहेबानं फॉर्म काढला. "काकू, फरशी बसवल्यापासून तिच्यावर पाणी पडलं का?"

यशवंतराव खोकले. वॉकर आपटला. इंदुताईनं नवऱ्याच्या कपाळाकडे पाहिलं. एक 'नाही', आणि फरशी नवी! मंडळी, तुमच्या जिभेवर आलंय ना ते 'नाही'? गिळा!

"पडलं," इंदुताई म्हणाली.

शेटे उडालाच. "लिहा साहेब! आणि हा पुरावा!" मोबाईल पुढं केला. उदकशांतीचा फोटो! त्याला जेवायला बोलावलं होतं, तीनदा शिरा मागून घेतला, आणि यजमानीणबाईंच्या विरुद्ध फोटो काढून ठेवला! फोटोत गुरुजींच्या हातात दर्भ, पाणी उडतंय.

इंदुताईचे डोळे भरून आले. "साहेब, माझी आणखी एक चूक झाली, तीही लिहा. गुरुजींनी या बाहेरच्या खोलीत शिंपडलं, आतली तशीच राहिली. तिला कुलूप होतं. गुरुजी रागावले, एक खोली सुटली तर शांती अपुरी म्हणाले. म्हणूनच आतली फरशी रुसली. लाजेनं बोलले नाही मी कुणाशी."

साहेबाचं पेन थांबलं. "आतल्या खोलीत पाणी पडलंच नाही?"

"कसं पडणार? शेटेभाऊंचंच कुलूप! पॉलिश ओलं आहे, तीन दिवस उघडू नका म्हणाले. किल्ली त्यांच्या खिशात."

साहेबानं बाहेरची फरशी पाहिली. तांब्याभर पाणी पडलेली — ती आरशासारखी सपाट! आतली पाहिली. थेंब न लागलेली — ती म्हैस! मग शेट्याच्याच मोबाईलवर फोटो मोठा केला. गुरुजींच्या मागं बंद दार, दाराला कुलूप, कुलपावर दुकानाच्या नावाची चिठ्ठी!

"शेटे, हे काय?"

शेटे म्हणाला, "जरा पाणी मिळेल का?"

यशवंतराव गरजले, "स्वयंपाकघरात जाऊन प्या! इथं गॅरंटी आहे!"

पट्ट्या उचकटल्या. लाकूड नीट वाळवलेलंच नव्हतं, खालून बुरशी. पंधरा दिवसांत नवी फरशी बसली आणि यशवंतराव एकटे मोरीपर्यंत गेले. इंदुताईनं राहिलेल्या खोलीसाठी पुन्हा गुरुजींना बोलावलं. म्हणाली, "या वेळी नुसत्या अक्षता टाका!"

टाळ्या नकोत! "खऱ्याचा विजय झाला" म्हणत घरी जाणार असाल, तर मी घसा उगाच फोडला. तिला फोटो ठाऊक नव्हता. त्या कुलपानं सुटका होईल हेही ठाऊक नव्हतं. 'पडलं' म्हणाली तेव्हा तिला एवढंच दिसत होतं — आपण हरलो, आणि हा माणूस पुन्हा पडणार. तरी म्हणाली! जिंकायची खात्री असली की शेटेसुद्धा खरं बोलतो!

आणि आपण? देवा, मी खरं बोलेन — धंदा सोडून, कचेरी सोडून, लेकीची सोयरीक सोडून! मग उरलं काय? देवळात बोलायचं खरं! तिथं कोण विचारतंय तुम्हाला?

उद्या तुमच्यापुढंही कुणीतरी फॉर्म घेऊन उभा राहील. खरं बोललो तर हरणार, हे स्वच्छ दिसत असेल. तेव्हा काय बोलाल ते मला सांगू नका, मी ऐकून काय करू? त्याला सांगा — तो विटेवर उभाच आहे. धरा टाळ, घ्या त्याचं नाव! आणि कुणाचा आवाज घशातच अडकत असेल, तर त्यानं टाळ खाली ठेवावा. मी थांबतो. मला घाई नाही!