नेल्डाचा समुद्र आणि माझी स्प्रिंग

…नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा, पण आधी मला एवढं सांगा, ज्या माणसाने अकरा वर्षं गॅरेजचं दार उघडलं की गाडी बाहेर, आणि गाडी बाहेर की दार बंद, मिनिटभरसुद्धा उघडं ठेवलं नाही, का, तर खारा वारा आत शिरू नये म्हणून, त्याच माणसाच्या गॅरेजचं दार आज एकोणीस दिवस सताड उघडं आहे आणि ते बंद करायची त्याला घरात परवानगी नाही, याला काय म्हणायचं? आणि तक्रार तरी कुणाकडे करू? ज्याला सांगावं तो मान तिरकी करून म्हणतो, "पण वर्लन, तुझ्याकडून समुद्र दिसतो ना!"

आता सुरुवातीपासून ऐका. हे घर घेतलं तेव्हा घर विकणाऱ्या बाईने आम्हाला छप्पर दाखवलं नाही, नळ दाखवले नाहीत, तिने आम्हाला थेट वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "समुद्र दिसतो." झालं. माझी बायको नेल्डा तिथेच खुर्चीत बसली ती उठेचना. तिचा बाप झिंग्यांच्या बोटीवर आयुष्यभर राबलेला, ही लहानपणी धक्क्यावर उभी राहून बापाच्या बोटीची वाट बघायची, त्यामुळे तिला काय, समुद्र दिसला की बस. मी मात्र तेव्हापासून बघतोय की समुद्र दिसतो म्हणजे समुद्रालाही आपण दिसतो. बिजागऱ्या खाल्ल्या त्याने. मांस भाजायची शेगडी खाल्ली. टपालपेटीचा दांडा खाल्ला, पेटी एक दिवस पत्रांसकट आडवी. तुम्ही म्हणाल, आमच्या अलाबामात किनाऱ्यावर राहायचं तर हे चालायचंच. चालायचंच, मान्य, पण माझ्या गॅरेजात कोण आहे ठाऊक आहे का? डचेस आहे. पासष्ट सालची, फिकट निळी, टप मागे सरकवता येणारी, चाळीस वर्षं मी सांभाळलेली गाडी. तिच्या अंगावर मिठाचा कण बसू देईन मी? गोड्या पाण्याने आंघोळ, मऊ कापडाने पुसणं, वर पांघरूण, आणि दार बंद. कायम बंद.

त्यात पाच वर्षांपूर्वी समोर तो अटलांटाचा दातांचा डॉक्टर आला आणि त्याने आमच्या आणि समुद्राच्या मधोमध तीन मजली गुलाबी घर ठोकलं. लाकडी खांबांवर, आमच्यासारखंच, पण आमच्यापेक्षा उंच. व्हरांड्यात बसलं की समोर त्याचं न्हाणीघर. नेल्डा त्या दिवशी एवढंच म्हणाली, "बरं." खुर्ची उचलून आत घेतली, बस. मी म्हटलं, बरं झालं, वारा अडला. तेव्हा मला वाटलं, मी तिची समजूत घालतोय… जाऊ द्या.

दाराच्या स्प्रिंगचं सांगायचं राहिलं. तर त्याच वर्षी मी वादळात टिकणारं दार बसवून घेतलं, हे एवढं जाड, हे एवढं वजनदार, आणि ते वजन पेलायला वर दांड्यावर दोन स्प्रिंगा, पिळून पिळून घट्ट केलेल्या. मोटर नुसती नावाला, दार उचलतात त्या स्प्रिंगा, हे मला कुणी सांगितलं? ओडेलने सांगितलं, आमच्या गावात दारं दुरुस्त करणारा माणूस, पण कधी सांगितलं, तर दोन वर्षांपूर्वी पहिली तुटली तेव्हा. ओडेल वरची स्प्रिंग बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि त्याच्या त्या चर्चमधल्या आवाजात म्हणतो, "वर्लनसाहेब, या दोघी बरोबर बसल्यात, बरोबर गंजल्यात. एक गेली, दुसरी जाणार. दोन्ही बदलू या. आणि या खेपेला जस्ताचा मुलामा असलेल्या घ्या." मी म्हटलं, "ओडेल, चालती स्प्रिंग मी का फेकू? माझा एक गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरने दुसरा बदलला का?" तो म्हणाला, "तुमचा गुडघा दार उचलत नाही साहेब." गेला एकच बसवून, आणि तीही साधी. मी जिंकलो, असं मला दोन वर्षं वाटत होतं.

आणि मी काही निष्काळजी माणूस नाही हं, दर रविवारी चर्चहून आलो की शिडी लावून दोन्ही स्प्रिंगांवर डबा फवारत होतो, तोच, गंजलेले नट सैल करायचा, प्रत्येक घरात असतो तो. फुस्स, फुस्स. सगळं गाव तेच फवारतं. नंतर कळलं की त्याने होतं नव्हतं ते तेलही धुतलं जातं. म्हणजे मी दोन वर्षं दर रविवारी माझ्या स्प्रिंगांना मिठासाठी स्वच्छ आंघोळ घालत होतो.

तर आला झिंगा उत्सवाचा शनिवार. यंदा पन्नासावं वर्ष, म्हणून आजवरच्या सगळ्या झिंगा-राण्यांना उघड्या गाडीतून मिरवायचं ठरलं. आणि अठ्ठ्याहत्तर सालची झिंगा-राणी कोण? आमची नेल्डा! महिनाभर आधी पट्टा इस्त्री करून ठेवलेला, मुकुटाचा एक खडा पडला होता तो चिकटवलेला, पोशाख दोनदा सैल करून घेतलेला, त्यावर मी काही बोललो नाही, मी अजून जिवंत आहे त्यावरून तुम्हाला कळेलच. दहाला मिरवणूक. साडेआठला मी डचेसचं पांघरूण काढलं, बटण दाबलं, आणि धाडकन…

बंदुकीच्या बाराचा आवाज. पलीकडच्या घरातला थिबोडो बाजूच्या छोट्या दारातून धावत आला, लुइझियानाचा आहे, हातात झिंगे उकडायचा झारा, म्हणतो, "कुणाला मारलंस? तो दातांचा डॉक्टर का?" आणि आवाजात आशा होती हो! वरून नेल्डा, केस कुरळे करायचे रोलर अर्ध्या डोक्यावर, "वर्लन, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, वर काहीतरी सरकलं." वर बघतो तर जुनी स्प्रिंग मधोमध दोन तुकडे. मोटर कण्हली, दार चार बोटं उचललं आणि तिथेच रुसून बसलं.

मी ओडेलला फोन लावला. तो स्वतः मिरवणुकीच्या रस्त्यावर, मुलीचं वाद्यपथक बघायला. म्हणाला, "साहेब, दुसरी स्प्रिंग अजून पिळलेली आहे, तिला हात लावू नका. एक विचारतो, कुणी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शिडीवर चढलंय का?" मी वळून बघतो तर शेजारचा हॉयट, तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलेला, शिडीच्या चौथ्या पायरीवर, हातात स्क्रू-ड्रायव्हर. मी म्हटलं, "चढलंय." ओडेल म्हणाला, "त्यांना दहा बोटं आहेत का अजून? मग उतरायला सांगा."

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. एखाद्याच्या घरापुढे काही बिघडलं की गल्लीतले सगळे पुरुष तिथे जमतात, कमरेवर हात ठेवतात आणि बघतात. कुणी काही करत नाही, पण सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. "मी म्हटलं होतं." "दोन्ही बदलायच्या असतात." "माझ्या मेव्हण्याचं असंच झालं." सव्वानऊ झाले. आणि तेवढ्यात जिन्यावरून नेल्डा खाली आली. पूर्ण पोशाख, पट्टा, मुकुट. सगळ्यांचे हात कमरेवरून खाली. ती बंद दाराकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि अगदी हळू विचारते, "दोन्ही बदलल्या होत्यास ना?"

मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बरं." आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, मुकुट काढून मांडीवर ठेवला. मला शिवी घातली असती तर परवडली असती. ते "बरं" मी आधी एकदा ऐकलंय, खुर्ची आत घेतली होती त्या दिवशी, तेव्हा ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं होतं मी.

थिबोडोने झारा खाली ठेवला. म्हणाला, "ए, बघता काय? अख्खी बोट ओढतो आपण, दार उचलायचं नाही?" आतून लाल दोरी ओढून मोटर सोडवली आणि लावले हात सात जणांनी. सात जणांचं वय मिळवलं तर पाचशेच्या आसपास. "उचल!" एकाची कंबर, एकाचा हर्निया, हॉयट मधे सूचना देतोय, "पाठ सरळ!", माझा नवा गुडघा म्हणतोय जुन्याला विचार… पण गेलं वर. दोन्ही बाजूंना रुळावर पकडी आवळल्या, खाली लाकडी टेकू दिले, डचेस बाहेर काढली, नेल्डा मागच्या सीटच्या पाठीवर बसली, आणि दहाला पाच कमी असताना आम्ही रांगेत. काय हात हलवत होती! गावातले म्हातारे कोळी टोप्या काढत होते. मी तिला आरशात बघत होतो आणि पुढच्या गाडीवर आपटता आपटता वाचलो.

परत आलो. ओडेलचा निरोप, "साहेब, दार खाली घ्यायचं नाही. वजन पेलायला काही नाही, कुणाचा तरी पाय जाईल. मुलाम्याच्या दोन स्प्रिंगा मागवतो, बारा दिवस लागतील." बारा दिवस! डचेस उघड्यावर! मी पांघरूणावर पांघरूण घालत होतो, वर गादीची चादर, तेवढ्यात नेल्डा पाय दुखले म्हणून तिथेच वाळूवर टाकायच्या बुटक्या खुर्चीत टेकली. पट्टा, मुकुट, सगळं तसंच. आणि एकदम म्हणाली, "वर्लन, खाली बस."

मी म्हटलं, "मला काम आहे."

"बस म्हणते ना."

बसलो. आता बघा, गेल्या वादळात त्या डॉक्टरच्या घराखालच्या, खांबांमधल्या लाकडी जाळ्या वाहून गेल्या, खांब तेवढे उभे. वरून बघाल तर गुलाबी भिंत. उभं राहून बघाल तर माझंच कुंपण मधे. पण माझ्या गॅरेजात, बुटक्या खुर्चीत, दार उघडं ठेवून बसलात तर कुंपणाच्या खालच्या फटीतून, त्याच्या खांबांच्या मधून… एक पट्टी. निळी. आणि त्या पट्टीवरून एक झिंग्यांची बोट हळूहळू चालली होती, जाळी ओढायचे दोन्ही बाजूंचे दांडे हातांसारखे पसरून. नेल्डा बोटीबरोबर मान वळवत होती. तिचे डोळे भरले होते, आणि सांगायला लाज वाटते पण माझेही. पाच वर्षं समुद्र तिथेच होता हो, आणि मी दार बंद करत होतो. बरं, नाही, चार वर्षं जाळ्या होत्या, पण ते तिला सांगून बघा.

ओडेल बाराव्या दिवशी हजर. मुलाम्याच्या चकचकीत दोन स्प्रिंगा. त्याने मला हिशोबही दिला, "साहेब, स्प्रिंग दहा हजार वेळा दार उचलते. लोकांना सात-आठ वर्षं पुरते. तुम्ही वारा येऊ नये म्हणून उघडझाप करून तीन-साडेतीन वर्षांत पहिली संपवली." मी म्हटलं, "बसव, आणि बोलू नकोस." पण नेल्डा खुर्चीतून उठली, त्याला लिंबाच्या केकचा हा एवढा तुकडा दिला, म्हणाली, "ओडेल, तुझी मुलगी ट्रम्पेट फार छान वाजवते. घाई नाही रे, पुढच्या महिन्यात ये." आणि तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जशी तुमची आज्ञा, नेल्डाबाई." स्प्रिंगा खोक्यात ठेवून गेला.

तर आता काय, रोज संध्याकाळी गॅरेजात दोन खुर्च्या. थिबोडो येतो, हॉयट येतो, झिंगे सोलत बसतात. दार उघडं, वारा आत, आणि मी एका हाताने डचेसचा बंपर पुसतोय, दुसऱ्या हाताने माझे नट-बोल्टचे पाने पुसतोय. काल तर त्या नव्या स्प्रिंगांच्या खोक्याचे खिळेसुद्धा गंजलेले बघितले. मी खोकं नेल्डाला नेऊन दाखवलं. तिने मान जराशी बाजूला केली आणि म्हणाली, "वर्लन, सरक. मधे येतोयस."

मी सरकलो.