रिकाम्या जाळीतली बाजरी

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या बायांनो, पण आमच्या मालकांचा जीव माझ्यापेक्षा लाव्यांवर जास्त होता. परसात जाळी ठोकून सात लावे पाळले होते त्यांनी. स्वतः चहा प्यायच्या आधी पाखरांना बाजरी. मी भांडायची, "मी बी जाळीत जाऊन बसते, मंग तरी बघताल माझ्याकडं."

ते म्हणायचे, "तू नको बसू, लावे भेतील."

मालक अचानक गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे लावे बाजरीसाठी ओरडायला लागले. मला ऐकवेना. रागारागात जाळीचं दार उघडलं अन् सगळे हाकलून दिले.

दहाव्याला गोदावरीवर पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसलेला, पण शिवंना. पोरगा म्हणाला, "आबा, आईला मी संभाळतो." कावळा हलंना. दीर म्हणाला, "दादा, बांध कोरणार न्हाई." तरी हलंना. ऊन चढलं. मंग दीर माझ्याकडं वळला, "वहिनी, दादाचा जीव कशात अडकलाय ते तुमालाच ठावं."

ठावं होतंच. मी पुढं झाले अन् म्हणाले, "मालक, लावे जाळीतच हायत. रोज बाजरी टाकते मी."

कावळा खाली उतरला अन् शिवला.

तीस वर्षं तोंडावर खरं बोलले, त्यातलं काहीच त्यांनी ऐकलं न्हाई. एकदाच खोटं बोलले, तेवढं ऐकून गेले.

आता रोज सकाळी त्या रिकाम्या जाळीत मूठभर बाजरी टाकते. निदान अर्धं तरी खरं व्हावं.