वकील नव्हता, तर खर्च कसला?

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या दिवाणी कोर्टात घरमालकाविरुद्धचा खटला डोरीनबाईंनी वकिलाशिवाय जिंकला. हरलेल्या मालकानं त्यांना दाव्याचा किती खर्च द्यायचा, तेवढा निकाल बाकी होता. बाहेरच्या बाकावर, माझ्या शेजारीच, मालकाच्या वकिलानं त्यांना गाठलं.

“बाई, तुम्हाला वकीलच नव्हता, तर खर्च कसला मागता?”

“महिनाभर लायब्ररीत बसून कायदा कोणी वाचला? तुमच्या आईनं?”

“पण इतके तास? मी तासाभरात उरकलं असतं.”

“उरकलंत आणि हरलात! माझ्या तासाला कोर्ट जे देतं ना, त्यात तुमचा टायसुद्धा यायचा नाही.”

“बरं, निम्म्यावर मिटवू. उगाच ताणू नका.”

“निम्मंच छप्पर दुरुस्त करतो म्हणाला होता तुमचा अशील. म्हणून तर इथवर आले. व्हा बाजूला, आत बोलावताहेत.”