पहिला थेंब

लेक : ‘जीभ काढ गं साळुंके, थेंब आला दारी, तुझ्यामागून चाखेल दुनिया सारी!’ आईचा आवाज अजून कानात आहे, बाबा. याच भट्टीपुढे पाय पसरून बसायचे मी. तेव्हा मला रीत शिकवू नका. रीत मला पाठ आहे, आणि ती आजपासून बंद.

बाबा : बाजूला हो. पाक चढलाय. नातीला पुढे येऊ दे.

लेक : ती माझ्या पाठीमागून हलणार नाही.

आत्या : अगं, सकाळी सकाळी काय लावलंय बापलेकींनी? मी इथे गोळ्यांना कागद गुंडाळतेय, हात चिकट, कान तुमच्याकडे. दहा गोळ्या नागड्याच डब्यात गेल्या! झालंय काय ते तरी कळू द्या.

लेक : काल संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले, आत्या. हिचे वरचे पुढचे चारही दात किडलेत. एक उद्या काढायचा. बाकीचे तीन वाचतील म्हणाल्या, पण हे दिवसभराचं चाटवणं थांबलं तर.

बाबा : दुधाचे दात ते! पडायलाच आलेले असतात. पडतील, नवे येतील.

लेक : मीही हेच बोलले त्यांच्यापुढे. त्या म्हणाल्या, तीन वर्षांची पोर आहे, नवे यायला अजून चार-पाच वर्षं आहेत. तोवर चावायचं कशानं? कीड मुळाशी उतरली की पू धरतो, आणि खाली जो पक्का दात घडतोय त्यालाही झळ लागते.

आत्या : तरीच! काल घास या गालातून त्या गालात फिरवत बसली होती. मी म्हटलं, काय नखरे या ठमाबाईचे.

लेक : नखरे नव्हते. ठणका होता.

बाबा : एका थेंबानं दात किडतो होय? तू त्याच थेंबावर वाढलीस. बत्तीस दात दाखवत भांडते आहेस माझ्याशी.

लेक : एका थेंबावरच वाढले! पहिल्या कढईचा एक थेंब, की लगेच आई चूळ भरायला लावायची. आणि तुमचं? लिंबाची कढई उतरली, बोलवा हिला. आल्याची उतरली, बोलवा हिला. संत्र्याची, बडीशेपेची, हाका काही थांबत नाहीत. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते बघा, असं बाई म्हणाल्या. गोड लागलं की तोंडात आंबट तयार होतं, ते दाताला खातं. मग लाळ हळूहळू धुऊन काढते. हिच्या लाळेला तुम्ही श्वासच घेऊ देत नाही.

आत्या : आणि रात्री दुधाची बाटली तोंडात देऊन निजवतं कोण? तेही दादाच का?

लेक : ते मी. घे, वाटून घेतलं पाप. कालपासून बाटली बंद केली. घर डोक्यावर घेतलं हिनं, मी थोपटत बसले. आता दोन वेळा दात घासायचे, तेही मीच घासून द्यायचे, वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन. रात्री घासले की पुढे फक्त पाणी. माझा भाग मी उचललाय. तुमचा तुम्ही उचला, बाबा.

बाबा : माझ्या आज्यापासून या घरातलं धाकटं पोर पहिला थेंब चाखतं. त्याच्यावर दुकान उभं आहे.

लेक : दुकान गोळ्यांवर उभं आहे.

बाबा : सर म्हणतो ना! पाक करपेल.

लेक : करपू दे. करपलेली कढई मी कोपरापर्यंत हात काळे करून घासून देईन. किडलेला दात कितीही घासला तरी परत येत नाही.

आत्या : बाई गं, आईचीच जीभ आहे हिला. दादा, हट्ट सोड. तूच चाख आणि मोकळा हो. मला मेलीला साखरेचा आजार, नाहीतर मीच बोट बुडवलं असतं. या घराण्यात जन्मून गोळीला पारखी झाले!

लेक : हो, तुम्हीच चाखा ना! नाहीतरी बाजारात तुमच्या जिभेचंच नाव आहे. डोळे मिटून चाखायचात आणि म्हणायचात, ‘चिमूटभर आंबट हवं.’ टाकली चिमूट, की गोळी जमलीच. ही एवढीशी पोर काय सांगणार तुम्हाला? धड बोलता येत नाही तिला.

बाबा : ते दिवस गेले.

लेक : का गेले? पळी हातात आहे. उचला, फुंकर मारा, चाखा.

बाबा : मला हुकूम सोडू नकोस.

लेक : सोडणार. तिच्या दातांसाठी तुम्हालाच काय, कुणालाही सोडीन. चाखा.

आत्या : अरे दादा, खरंच करपलं रे! केवढा वास सुटलाय, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तू वर वाकून उभा आहेस आणि तुला वास येत नाही?

(बाबा कढई खाली उतरवतात. पळी हातात तशीच राहते.)

बाबा : नाही येत.

आत्या : काय नाही येत?

बाबा : तिला आत ने, पोरी. चूळ भरून दे. आणि मग तू ये इथे. चाखायला कुणीतरी लागेल मला.

लेक : बाबा? म्हणजे काय?

बाबा : मागच्या हिवाळ्यात तो मोठा ताप आला ना, तेव्हापासून वास नाही, चवही नाही. साखर ठेवा, माती ठेवा, जिभेला सारखंच. गोळ्यावाल्यानं हे कुणाला सांगायचं? मग रीत रीत म्हणत हिला बोलवायचो, आणि बघत राहायचो. आंबट जास्त झालं की ही डावा डोळा मिटते. नीट जमलं की पाय हलवते. तेवढंच बघून कढई उतरवत होतो गं.