पट्टीची मागची बाजू

लाकडाच्या दुकानातल्या रांगेत उभ्या असलेल्या एका निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षकांचे लक्ष पुढच्या वृद्ध जोडप्याकडे गेले, कारण आजोबांच्या हातातली खिडकीची पट्टी धनुष्यासारखी वाकलेली होती.

“या वेळी पीव्हीसीचीच घ्यायची. ती वाकत नाही,” आजी म्हणाल्या.

“पण पिवळी पडते, त्याचं काय?”

“पडू दे. तुमचेही केस पिकले, टाकून दिलं का मी?”

“अगं, ही मी स्वतः रंधा मारून केलेली आहे.”

“आणि रंग फक्त दर्शनी बाजूला लावलात! मागून ओल शिरली, मग वाकेल नाही तर काय?”

शिक्षकांना हे निदान निर्दोष वाटले.

“मागची बाजू भिंतीकडे होती. कोण बघणार होतं?”

“पाण्याला दिसली ना!”

आजोबांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. “बरं, घे तुझं प्लास्टिक. रंधा देऊन टाकतो कुणाला तरी.”

आजींनी पट्टी त्यांच्या हातून घेऊन उलटून पाहिली. तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

“काय देऊ, काकू?” दुकानदाराने विचारले.

“सागवानाची फळी द्या. आणि रंगाचा डबा.”

“अगं, पण पीव्हीसी...”

“तुम्ही रंधा मारा. मागची बाजू मी रंगवीन. ब्रश दोन द्या हो.”