गाडीच्या ग्रुपवर मासळी

पूर्वी एसटी गाडीची धूळ दिसली की आम्ही उठायचो. आता शिनोलीच्या थांब्यावर सगळे मोबाइल बघतात. शेजारी गाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवणारी उज्ज्वला आणि डिंभे धरणावरचा मासेवाला बहिरू बोलत होते.

“वैनी, मला ग्रुपमधून का काढलं?”

“भाऊ, ग्रुप गाडी कुठवर आली ते कळायला हाय. तुमी रोज धा येळा मासळीची जाहिरात टाकता.”

“ताजी असती, वैनी.”

“माझ्या सासूबाई माळकरी. देवाआधी तुमचं मासं बघायचं व्हय त्यांनी?”

“चुकलं. पन धरणावरून गाडी सुटल्याचं कोन कळवत व्हतं?”

“तुमीच. दोन दिस झालं, आमी नुसतं बसून ऱ्हातो.”

“मग घ्या की परत.”

“घेतलं. जाहिरात एकदाच, तीबी दुपारी. आता लिवा, गाडी सुटली का?”

“मी तर इथं तुमच्याशेजारी बसलोय, वैनी.”