अख्खी डिस्क

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. हळू बोलत होते, पण मी काही बहिरी नाही.

“ऑपरेशनआधीचा बाबांचा आवाज त्याच कॉम्प्युटरवर होता, दादा. आता ते कुठले बोलतायत?”

“अगं, डिस्क मरायच्या आधीच मी तिची इमेज काढलीय. अख्खी डिस्क जशीच्या तशी एका फाइलमध्ये, दाबून लहान केलेली. तीच आत दिलीय.”

“दाबून? बाबांचा आवाज म्हणजे काय गादी आहे?”

“उघडली की होती तेवढी होते. काही गळत नाही.”

“पण आवाजाचं फोल्डर मी त्याआधीच चुकून पुसलं होतं. तुला सांगायची हिंमत झाली नाही.”

“धन्य आहेस. पुसलेलंही बहुतेक वेळा डिस्कवर पडून असतं. म्हणून तर निवडत बसलो नाही, सगळंच उचललं.”

तेवढ्यात दुकानदार बाहेर आला. “पुसलेलं सापडलं. हे ऐका.”

स्पीकरमधून त्यांच्या बाबांचा आवाज आला, “ए कार्टे, ते बंद कर आधी. जेवू देशील की नाही सुखानं?”

“नुसता ओरडाच आहे गं,” भाऊ म्हणाला.

“असू दे. परत लावा.”

“मावशी, तुमचा नंबर,” दुकानदार मला म्हणाला.

“थांब मेल्या. त्यांचं ऐकून होऊ दे.”